रिकामी डी ड्राइव्ह सुरक्षित राहिल्याबाबत व कॉम्प्युटर आजच बंद करण्याबाबत

दिनांक : ८ जुलै २०२४
(हस्तलिखित, समक्ष सादर)

प्रति,
मा. विशेष वाटप अधिकारी,
किनारा मासळी बाजार ओटे वाटप कक्ष,
समाजमंदिर, पहिला मजला, तारोडी.

विषय : कक्षातील कॉम्प्युटर तात्काळ बंद करून त्याची हार्ड डिस्क तपासणीसाठी मिळणेबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ६, १२, २० व २८ जून.
२) आपली चार उत्तरे, चारही शेवटी "तपासून कळविण्यात येईल" अशी.
३) मला बजावलेली नोटीस, जा. क्र. ४१७, दि. १ जुलै.

महोदय,

मी रसिका जितेश भोईर, भाईंदर पूर्वेला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तारोडीच्या मासळी विक्रेत्या शालू तांडेल यांची मी मुलगी. हा अर्ज आपण स्वतः आणि शेवटपर्यंत वाचावा. आधीचे चार वाचले गेले नाहीत हे उघड आहे, कारण मी "बंद करा" असं लिहिलं आणि आपल्याकडून "तपासून कळविण्यात येईल" असं आलं. अर्ज जाड पुठ्ठ्यावर चिकटवून का दिलाय ते पुढे येईल. खोडसाळपणा म्हणून दिलेला नाही.

१. आधी नोटिशीचं बोलू. त्यात म्हटलंय की सन २०१९ मध्ये मी कक्षाच्या हार्ड डिस्कचे दोन भाग केले, त्यामुळे पहिला भाग लहान झाला, लहान झाल्यामुळे भरला, भरल्यामुळे कॉम्प्युटर मंद झाला, मंद झाल्यामुळे फॉरमॅट करावा लागला, आणि फॉरमॅट केल्यामुळे कार्यालयीन माहिती गेली. सबब माहिती जाण्यास मी जबाबदार आहे आणि माझं नाव दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीतून का वगळू नये. साहेब, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगण सारवून देणाऱ्या बाईलाच नोटीस काढलीय.

२. ते दोन भाग कशासाठी केले होते, ते मी तेव्हाही समजावलं होतं. आज परत लिहिते. एका खोलीत मध्ये भिंत घालून दोन खोल्या करतात, तसं ते आहे. पुढची खोली सी. तिच्यात विंडोज राहतं, कॉम्प्युटर चालवणारा सगळा सरंजाम तिथे. मागची खोली डी. तिच्यात आपली कागदपत्रं, याद्या, जबाब, फोटो ठेवायचे. विंडोज बिघडतंच, आज ना उद्या. बिघडलं की पुढची खोली रिकामी करून धुवून काढायची, नवीन विंडोज बसवायचं, आणि मागच्या खोलीला हातही लावायचा नाही. म्हणून पाचशे जीबीतली दीडशे मी सीला दिली आणि साडेतीनशे डीला. डीवर "माहिती सुरक्षित" असं मराठीत नाव टाकलं. हीच माझी नोटिशीतली चूक.

३. आता आपल्या कार्यालयाने काय केलं ते. मुख्य लिपिक श्रीमती मृणालिनी दळवी यांनी ते नाव वाचलं. दळवीबाई प्रामाणिक आहेत हे मी मान्य करते. बेव्हर्ली पार्कच्या त्यांच्या घरी मी एकदा प्रिंटर लावायला गेले होते, तेव्हा शोकेसमध्ये लग्नातला चहाचा सेट बघितला, पंचवीस वर्षांत एकदाही न वापरलेला, एकही कप न फुटलेला. त्याच भावनेने त्यांनी डी ड्राइव्ह सांभाळली. दि. १२ जुलै २०१९ रोजी आपल्या सहीने परिपत्रक निघालं : "डी ड्राइव्ह हा सुरक्षित भाग असल्याने त्यामध्ये कोणीही, कोणत्याही कारणास्तव, लेखी परवानगीशिवाय काहीही ठेवू नये." त्यासाठी वेगळं रजिस्टर घातलं. रकाने पाच : नाव, फाईल, कारण, शिफारस, साहेबांची सही.

४. पाच वर्षं डी सुरक्षित राहिली. तिच्यात काहीच नव्हतं. सगळं कार्यालय डेस्कटॉपवर नांदत होतं, म्हणजे सीमध्ये, म्हणजे विंडोज बिघडलं की पहिलं बुडणाऱ्या जागी. विक्रेत्यांची यादी तिथे, जबाब तिथे, हळदीकुंकवाचे व्हिडिओ तिथे, आपल्या महाबळेश्वर दौऱ्याचे आठशे फोटो तिथे. एकावर एक एवढी आयकॉन की मागे लावलेला गणपती दिसेनासा झाला. दसऱ्याला मशीनला हार घातला, झेंडू पंख्याच्या जाळीत गेला, तेव्हा तो काढायला मला बोलावलं होतं. तेव्हाही मी सांगितलं, बाई, हे सगळं डीमध्ये हलवा. बाई म्हणाल्या, "अगं परवानगी नाही ना आलेली."

५. इथे मी माझी खरी चूक लिहून देते, म्हणजे आपल्याला शोधायला नको. डेस्कटॉपची जागाच सीमधून उचलून डीमध्ये नेता येते. दहा मिनिटांचं काम आहे. मग माणसाने कितीही वेळा डेस्कटॉपवर ठेवलं तरी ते मागच्या खोलीतच जातं. मी ते करून दिलं नाही. मला वाटलं, शिकलेली-सवरलेली माणसं आहेत, सांगितलेलं करतील. हा माझा गुन्हा, तो मी कबूल करते, यादीतून नाव काढायचं तर या कारणाने काढा.

६. दि. ३ जून रोजी कॉम्प्युटर सुरूच होईना म्हणून आपण साहिल ठक्कर या तंत्रज्ञांना बोलावलं. मी त्यांच्यावर ठपका ठेवत नाही, मी त्यांना फोन केला होता. त्यांचे शब्द असे : "दीदी, मैंने तीन बार पूछा, डेटा सब डी में है ना? मॅडम बोली, डी एकदम सेफ है, उसको हाथ नहीं लगाना." त्यांनी डीला हात लावला नाही. सी पुसली. नवीन विंडोज घातलं. आणि आपण त्यांना प्रमाणपत्र दिलं, ते मी फळ्यावर वाचलं : "डी ड्राइव्हमधील सर्व माहिती शंभर टक्के सुरक्षित ठेवल्याबद्दल." खरंच आहे ते. रिकाम्या पेटाऱ्यातून काय चोरीला जाणार.

७. या गोंधळात माझ्या आईचं काय गेलं, ते सांगते.

नव्या बाजाराच्या इमारतीत वीस वर्षांहून जुन्या विक्रेत्यांना ओटा थेट मिळणार. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या १५ जुलैला सकाळी अकरा वाजता टाकणार. चिठ्ठीला उभ्या बायका एकशे नव्वद, उरलेले ओटे चौदा. माझी आई १९९३ पासून बसते. पण तिच्या नावाची पावती नाही. तारोडीच्या बाजारात पावती घरातल्या थोरल्या बाईच्या नावाने कापायची रीत होती. बसो कोणीही, नाव सासूचं. आमच्या घरात ते नाव गिरिजा तांडेल, माझी आजी. आजीचे पाय १९९३ मध्ये गेले, ती घरात बसली आणि पाटी आईने उचलली. आजी १९९८ मध्ये वारली. पावती कापणारे नाथा म्हात्रे, आम्ही त्यांना नाथामामा म्हणायचो, ते घराच्या नावाने पावती कापत राहिले, २०१४ पर्यंत. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, गावात सगळ्यांचंच तसं. फक्त बाकीच्या घरांतल्या सुनांनी मधल्या काळात नावं बदलून घेतली. माझ्या आईने घेतलं नाही. ती म्हणायची, सासूचं नाव हाय त्या पावतीवर, मी कशाला पुसू.

८. म्हणून २२ ऑगस्ट २०१९ रोजी नाथामामांचा जबाब झाला. त्यांचं वय तेव्हा शहाऐंशी. हात थरथरत होते, सही होईना, अंगठाही फरफटत होता. तेव्हा जबाब कॅमेऱ्यावर घ्यायचं ठरलं. चाळीस मिनिटं ते बोलले. कोण कधीपासून बसते, गिरिजा कधी उठली, शालू कधी बसली, पावती कोणाच्या नावाने का कापली, सगळं. कागदावर नंतर उतरवू म्हणून राहून गेलं. व्हिडिओ डेस्कटॉपवर उतरवून घेतला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड नंतर भूमिपूजनाच्या फोटोंसाठी रिकामं केलं. नाथामामा २०२१ मध्ये गेले. आता ती चाळीस मिनिटं फक्त त्या डिस्कवर आहेत.

९. दि. ३० मे रोजी आपल्या कक्षाचं पत्र आमच्या घरी आलं : पावत्या श्रीमती गिरिजा तांडेल यांच्या नावे असल्याने त्यांनी मूळ ओळखपत्रासह समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा दावा निकाली काढण्यात येईल. आईला वाचता येत नाही. तिने ते शेजारी वाचून घेतलं. मी ५ जूनला जबाब दाखवा म्हणून आले, तर दोनच दिवस आधी सी पुसलेली. दळवीबाईंनी मला डी उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "बघ, डी जशीच्या तशी आहे." मला त्या दिवशी हसावं की रडावं ते कळेना, मी दोन्ही केलं, समाजमंदिराच्या जिन्यात.

१०. आता हे नीट वाचावं. पुसलेली गोष्ट लगेच जात नाही. डिस्कवर ती तशीच पडून असते, फक्त कॉम्प्युटर तिला विसरलेला असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जाते, आणि मग कोणाचा बापही आणू शकत नाही. आपली डिस्क जुनी फिरती आहे, तिच्यातून असं परत काढता येतं. नवीन विंडोजने थोडी जागा खाल्ली असेल, पण सगळी नाही. मशीन बंद करायचं, डिस्क काढायची, तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि प्रतीवर शोधायचं. मूळ डिस्कला धक्का नाही. दोन दिवसांचं काम. फुकट करते, आपल्यासमोर बसून करते, दळवीबाईंनी माझ्या डोक्यावर उभं राहावं. मिळेलच असं मी लिहून देत नाही. मिळू शकतं एवढं देते. ५ जूनला जास्त शक्यता होती, आज कमी आहे, उद्या आणखी कमी.

११. कारण मशीन रोज चालू आहे. आणि त्यावर काय लिहिलं जातंय? आपल्या उत्तरांच्या तळाला बारीक अक्षरात फाईलचं नाव छापून येतं, ते बहुधा कोणी पाहिलेलं नाही. पहिल्या उत्तराखाली : सी, युजर्स, डेस्कटॉप, "भोईर बाई उत्तर". दुसऱ्याखाली "भोईर बाई उत्तर २". तिसऱ्याखाली "भोईर बाई कटकट". चौथ्याखाली "भोईर बाई कटकट फायनल". म्हणजे मी मशीन बंद करा असा अर्ज देते, आपण तो रंगीत स्कॅन करून त्याच मशीनमध्ये सीवर ठेवता, मग त्याच मशीनवर सीमध्ये उत्तर टाइप करता, ते दोनदा सुधारता, आणि सगळं नाथामामांच्या अंगावर बसतं. मी वाचवायला जेवढा अर्ज करते तेवढा मीच त्यांना पुसते. मला नोटीस पाठवली तीही त्याच डेस्कटॉपवर आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि इथे दळायला मीच धान्य आणून देतेय.

१२. म्हणून हा अर्ज पुठ्ठ्यावर आहे. आपल्या स्कॅनरमध्ये पुठ्ठा जात नाही, मी २८ जूनला मोजून गेलेय. कृपया तो सोलून स्कॅन करू नये. मी फेव्हिकॉल लावलाय.

१३. मशीन बंद ठेवता येत नसेल, कारण कक्षाचं काम थांबेल, तर निदान नवीन काही ठेवायचं ते डीमध्ये ठेवावं असं मी तिसऱ्या अर्जात सुचवलं होतं. तिथे साडेतीनशे जीबी मोकळी पडलीय. विंडोज आपलं आपलं सीवर लिहीत राहील, पण निदान भर तरी कमी पडेल. त्यावर उत्तर आलं की डी ड्राइव्हच्या वापराबाबतचं परिपत्रक पुनर्विचाराधीन आहे. ते उत्तर सीवर ठेवलेलं आहे.

१४. परवानगीच्या रजिस्टरबद्दल. २८ जूनला मी दळवीबाईंना ते मागितलं. त्यांनी दिलं, लपवलं नाही, मी त्यांचे आभार मानते आणि त्यांच्याबद्दल वर जे लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेते. पाच वर्षांत त्या रजिस्टरात एकच नोंद आहे. दि. २४ ऑगस्ट २०१९. नाव : मृ. दळवी. फाईल : नाथा म्हात्रे यांचा जबाब. कारण : महत्त्वाचा, परत मिळणार नाही. शिफारस : डीमध्ये ठेवावा. आणि शेवटच्या रकान्यात आपला लाल शेरा, सही नाही, "चर्चा करावी."

बाईंना कळलं होतं, साहेब. अख्ख्या कार्यालयात त्या एकट्या बाईला कळलं होतं काय ठेवायला पाहिजे आणि कुठे. त्यांनी नियमाने विचारलं. चर्चा झाली नाही. मी त्या नोंदीचा फोटो घेतलाय. तो माझ्या दुकानात तीन ठिकाणी ठेवलाय, त्यातली एक जागा डी आहे.

१५. इथपर्यंत मी अर्ज काल दुपारी लिहिला होता आणि शेवटी डिस्क मागून सही करणार होते. मासेमारी बंद आहे, आई सुकी मासळी निवडत समोर बसली होती. तिला वाचून दाखवला. मला वाटलं ती म्हणेल, एवढं कडक नको लिहू, मोठी माणसं आहेत. ती जवळा निवडत राहिली आणि म्हणाली, "आगो, पन नाथाला इचारीत कोन व्हता? सायबच इचारीत व्हता ना? त्याच्या कानान न्हाय का गेला?"

१६. महोदय, मी वीस वर्षं हार्ड डिस्क उघडतेय आणि मला हे सुचलं नाही. त्या दिवशी नाथामामांना रिक्षातून आईनेच आणलं होतं, ती मागच्या बाकावर बसली होती. तिला सगळं आठवतं. आपण टेबलाच्या या बाजूला बसून प्रश्न विचारत होता. शालूबाई नेमकी कुठे बसायची, असं आपण विचारलं. नाथामामा म्हणाले, मोरीच्या आतल्या अंगाला, बर्फाच्या खोक्याशेजारी. कधीपासून, असं विचारलं. ते म्हणाले, गिरिजाचे पाय गेले त्या साली, माझ्या थोरल्याचं लग्न झालं त्याच साली, त्र्याण्णव. मग पावती गिरिजाच्या नावाने का, असं आपण विचारलं, आणि ते म्हणाले, पावती घराची असते साहेब, बाईची नसते. त्यावर आपण हसलात आणि त्यांना दुसरा चहा सांगितलात. आई म्हणते, साहेब चांगले वागले होते.

१७. तर मी डिस्कची मागणी मागे घेत नाही, पण ती आता दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिली मागणी अशी. कॉम्प्युटर बंद असो की चालू, आपण एक साधा कागद घ्यावा, पेन घ्यावं, आणि आपल्या हाताने लिहावं की नाथा म्हात्रे यांनी २२ ऑगस्ट २०१९ रोजी माझ्यासमोर सांगितलं की शालू तांडेल १९९३ पासून या बाजारात बसतात, आणि ते मी ऐकलं. खाली सही. दोन ओळी. त्याला परवानगी लागत नाही, चर्चा लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही.

आणि आपल्याला आठवत नसेल, तर तेही हातानेच लिहून द्यावं, "मला आठवत नाही" असं, सहीनिशी. तो कागद मी आईला वाचून दाखवीन. ती १५ तारखेला चिठ्ठीच्या रांगेत उभी राहील, आणि आपण समोर टेबलाशी बसलेले असाल.

हा अर्ज लिहिण्यापुरतीच नम्र,

रसिका जितेश भोईर
कॉम्प्युटर दुरुस्ती, भाईंदर पूर्व

निशाणी डावा अंगठा : शालू तांडेल, तारोडी
(अर्ज वाचून दाखवला, मान्य आहे.)

सोबत :
१) गिरिजा तांडेल यांच्या नावे बाजार पावत्या, १९९३ ते २०१४, दोन पिशव्या.
२) गिरिजा तांडेल यांचा मृत्यूचा दाखला, म्हणजे त्यांना समक्ष बोलावणं बंद होईल.
३) परवानगी रजिस्टरातील दि. २४ ऑगस्ट २०१९ च्या नोंदीचा फोटो.
४) आपली चार उत्तरे, तळाच्या अक्षरांखाली रेघ मारून.
५) कोरा कागद एक, पेन एक.